लेफ्टनंटच्या खांद्यावरचा हात

नंदुरबारात मला नावानं हाक मारणारे फार थोडे होते. बाजारातून निघालो की मागून पोरं ओरडत, "हालूनका आला, हालूनका आला." माझं दुकान फोटोचं, आणि दिवसभर तोंडी हे दोनच शब्द. नवरदेव असो, मामलेदार असो की सुरतेचा कापूसवाला शेठ, काळ्या कापडात डोकं घालण्याआधी मी सगळ्यांची एकच विनवणी करायचो. त्या नावाचा मला तेव्हा फार राग यायचा. आता दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, रस्त्यात कोणी ओळखत नाही, तेव्हा वाटतं की एखाद्यानं ओरडावं. संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी मागितल्या तर मी आधी नाहीच म्हणालो. लिहायला बसलो की मला बसवत नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत येतो, टाक उचलतो, ठेवतो. पण एक गोष्ट लिहून टाकल्याशिवाय ही येरझार थांबायची नाही, हेही मला कळून चुकलंय.

आताच्या वाचकांसाठी धंद्याचं थोडं सांगायला हवं. मी काम शिकलो सुरतेला, एका पारशी उस्तादाकडे. त्या काळी फोटो उतरायचा तो काचेवर. छपराच्या उत्तरेकडच्या बाजूला काचा बसवलेली खोली, कारण तिथून ऊन न येता नुसता उजेड येतो. भिंगावरचं टोपण काढायचं, मनात एक, दोन, तीन मोजायचं आणि टोपण परत बसवायचं. तेवढ्या वेळात समोरचा माणूस हालला की काचेवर नाकाच्या जागी धूर उठायचा, आणि मग गिऱ्हाईक म्हणणार की फोटोवाल्याला काम येत नाही. मानेला मागून आधार द्यायला माझ्याकडे एक लोखंडी दांडा होता, त्याला वर चिमटा. पुष्कळांना तो फाशीचा वाटायचा.

सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत मी दरवर्षी तंबू टाकायचो. तिथं घोड्यांचा बाजार भरतो. एका व्यापाऱ्यानं आपल्या पांढऱ्या घोड्याचा फोटो काढवला आणि छापून दिल्यावर भांडायला आला, "मन्हा घोडाले शेपूट नही का?" घोडा सगळा स्थिर, शेपूट मात्र माशा वारत होतं, ते उमटलंच नाही. मी ब्रश घेऊन शेपूट रंगवून दिलं, तर म्हणाला थोडं लांब कर. सातपुड्यातून उतरलेल्या एका पावरा म्हाताऱ्याला मी मोठ्या कलाकारीनं बाजूनं बसवला होता. त्यानं फोटो उलटसुलट करून पाहिला, मागच्या बाजूला काही आहे का तेही पाहिलं, आणि दुसरा कान कुठे ठेवलास म्हणून विचारलं. त्या कानातही चांदी होती. तेव्हापासून मी डोंगरातल्या माणसांना समोरूनच बसवू लागलो, आणि खरं सांगायचं तर तेच फोटो माझे सगळ्यात चांगले निघाले.

आणखी एक काम असायचं, ते दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नसे. जिवंतपणी ज्यांचा फोटो काढायचा राहून गेला, त्यांच्या घरून बोलावणं यायचं. खुर्चीत बसवलेल्या, उशांनी टेकवलेल्या माणसाचा फोटो काढायचा आणि मग काचेवर बारीक काम करून त्याचे मिटलेले डोळे उघडायचे. मला ते फार छान जमायचं. घरची माणसं म्हणत, अगदी आता बोलतील असं वाटतं. वाईट वाटेल ऐकायला, पण माझ्या धंद्यात सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक तेच. ते हालत नाही.

आणि सगळ्यात वाईट गिऱ्हाईक म्हणजे दगडू.

सारंगखेड्याच्या अलीकडे तापीकाठी एक गाव आहे, तिथल्या पाटलांचा हा मुलगा. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं याचं नाव दगडू ठेवलं. असल्या नावाच्या पोराकडे सटवीचंही लक्ष जात नाही, असा आमच्याकडचा समज. शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय, घरीदारी दगडू. नाव दगडाचं आणि बूड एका जागी टिकेल तर शपथ. यात्रेत पाटलांनी त्याला घोड्यावर बसवून माझ्यापुढे आणलं होतं. घोडा उभा राहिला, पाटील उभे राहिले, आणि फोटोत घोड्यावर एक लहानसा ढग बसलेला उमटला. पुढे तो शिकायला नंदुरबारला आला. शाळेच्या सामुदायिक फोटोत त्याला दोन डोकी आली. मास्तरांनी त्याला छडी दिली आणि मला विचारलं, यातलं एक काढता येईल का. मी काढलं. राहिलेलं डोकं खरं की काढलेलं, ते मला आजही ठाऊक नाही.

पण पोरगं गोड होतं. शाळा सुटली की दुकानात यायचं, बोलता बोलता सगळ्या खोलीत फिरायचं, एखादी बाटली उचलून पाहायचं, पडद्यावर रंगवलेल्या तळ्यातल्या बदकांना नावं ठेवायचं. मी ओरडायचो, तो हसायचा. माझ्या घरीही त्याचं जाणंयेणं होतं. आम्ही त्याला ताटावर बसलेला असा पाहिलाच नाही. तो उभ्यानंच अर्धं जेवण उरकायचा.

लढाई पेटली. दगडूनं कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि तो फौजेत अधिकारी म्हणून निवडला गेला. पाटलांची छाती फुगली. गावात मात्र वारं वेगळंच होतं. बेचाळीस साली नंदुरबारात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. चले जावच्या मिरवणुकीतल्या शाळकरी पोरांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. ज्या रस्त्यावर ते झालं त्याच रस्त्यानं पुढल्या वर्षी श्रावणात दगडू सरकारच्या वर्दीत माझ्या दुकानाकडे आला. मी दारात उभा होतो. एक-दोन दारं मुद्दाम लागली. कोणीतरी माडीवरून काहीतरी ओरडलं. त्यानं मान खाली घातली नाही, पण वरही पाहिलं नाही.

आत आल्यावर तो नेहमीसारखा फिरायला लागला. सांगत होता की त्याच्या वर्गातला सोबती तुरुंगात आहे, त्याला भेटू दिलं नाही. तिकडे असलो की इकडचं आठवतं आणि इकडे आलो की तिकडची पलटणीतली पोरं डोळ्यांपुढे येतात, कुठंच बसवत नाही, असं तो म्हणाला. माझं स्वतःचं मन तेव्हा असंच चाललं होतं. मी त्याला खुर्ची दाखवली.

त्याच्यामागून त्याची आई आली होती. मुलगा ब्रह्मदेशच्या आघाडीवर निघाला म्हणून पाटलांनी फोटो काढून आणायला सांगितलं होतं, स्वतः ते कचेरीत गेले होते. पाटलीणबाई उंच, काळ्यासावळ्या, हातभर काचेच्या बांगड्या आणि मनगटापासून बोटांपर्यंत गोंदलेलं. मी म्हटलं, माय, तुम्हीही बसा त्याच्याशेजारी. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मी नही बसाव तठे," त्या म्हणाल्या. "त्या काचमा जीव अडकस."

असं म्हणणारी बाई मला नवी नव्हती. मी आग्रह केला नाही. पण अडचण दुसरीच होती. लढाईमुळे चांगल्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. माझ्याकडे एक जुनी पेटी उरली होती, तिच्यातल्या काचांना उजेड फार लागायचा, आणि वर श्रावणाचं आभाळ भरलेलं. टोपण नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडं ठेवावं लागणार होतं. आणि समोर दगडू. मी मानेचा चिमटा आणला, तर म्हणाला ते नको, त्यात मी मेल्यासारखा दिसेन. पहिली काच वाया गेली. दुसरी काच वाया गेली. मी चिडलो, त्याला घालूनपाडून बोललो. तो मनापासून ओशाळला, पुन्हा बसला आणि पुन्हा त्याचा गुडघा हालायला लागला.

तेव्हा पाटलीणबाई पुढे झाल्या. फोटोत आपण येणार नाही अशा बेतानं त्या खुर्चीच्या बाजूला, पडद्याच्या कडेबाहेर उभ्या राहिल्या आणि तिथून हात लांब करून त्यांनी तो मुलाच्या डाव्या खांद्यावर ठेवला.

"हालू नको रे दगडू," त्या हळूच म्हणाल्या. "हालू नको."

मी टोपण काढलं. एक, दोन, तीन, चार, पाच. जन्मात पहिल्यांदा तो पोरगा हालला नाही.

काच धुऊन पाहिली तर डोळ्यांच्या पापण्यादेखील मोजाव्यात इतका स्वच्छ फोटो. खांद्यावर मात्र हात होता, बांगड्यांपर्यंत, आणि त्या हाताचं माणूस कुठेच नव्हतं. मी म्हटलं, काळजी नको, छापताना हा हात मी पुसून टाकतो. दगडू हसला.

"मायना हात शे तो, ऱ्हाऊ द्या भाऊ," तो म्हणाला. "पुढला खेपले उनू का मायना बी फोटो काढसूत."

पुढल्या खेपेला तो आला नाही.

आधी चांगली बातमी आली. कुठल्याशा टेकडीवरून जखमी माणसं स्वतः खांद्यावर वाहून आणली म्हणून लेफ्टनंट दत्तात्रय पाटलांना मिलिटरी क्रॉस जाहीर झाला. पाटलांनी गावात साखर वाटली, माझ्याकडेही पुडा पाठवला. ती साखर संपायच्या आत तार आली. ते पदक त्यानं डोळ्यांनी पाहिलंच नाही. धुळ्याला मोठा समारंभ करून ते बापाच्या हातात देण्यात आलं.

त्यानंतर काही महिन्यांनी पाटील माझ्या दुकानात आले. कमरेत वाकले होते, पण फेटा कडक होता. रुमालात गुंडाळलेलं पदक त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. चांदीचा क्रॉस, पांढरी-जांभळी फीत. दगडूच्या शाळेत त्याची तसबीर लावायचं ठरलं होतं. ठरलं तेही सहजासहजी नाही. सरकारी अधिकाऱ्याची तसबीर आमच्या शाळेत कशाला, असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांचं म्हणणं मला अगदी खोटं वाटत नव्हतं. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले की पोरगं या शाळेचं आहे, बाकी मला काही माहीत नाही. अनावरणाला प्रांतसाहेब यायचे होते. पाटलांना मोठी तसबीर हवी होती, छातीवर पदक रंगवून.

मी काच शोधून काढली आणि त्यांना दाखवली. ते बराच वेळ मुलाकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर खांद्यावर गेली.

"हाई काय? अफसरना खांदावर बाईना हात? साहेब काय म्हनी?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. वर्दीच्या खांद्यावर हुद्द्याचे तारे असतात. हाताखाली ते झाकले गेले होते. तेवढा हात काढून तिथं तारे रंगवून दे, असं त्यांनी सांगितलं. आणि मग खुर्चीत बसून, माझ्याकडे न पाहता, त्यांनी मुलगा कसा गेला ते सांगितलं. दगडूच्या पलटणीतला एक हवालदार, सातारकडचा, जखमी होऊन परतला होता. तो दगडूची ट्रंक पोचवायला गावी आला होता आणि पाटलांनी त्याला अनावरणापर्यंत ठेवून घेतलं होतं. त्यानं सांगितलं ते असं. एका नदीच्या काठी त्यांची तुकडी कोंडीत सापडली. पलीकडे जायचं तर जखमींना घेऊन पाण्यातून जावं लागणार, आणि मागे बंदूक चालवायला कोणी राहिलं नाही तर सगळेच पाण्यात मरणार. दगडूनं सगळ्यांना पुढे घातलं आणि स्वतः बांबूच्या बेटात मशीनगनपाशी राहिला. ऊन उतरेपर्यंत ती गन चालत होती. शेवटचा माणूस पलीकडे पोचला तेव्हा ती थांबली.

"जागचा हालला नही, अशा बोलना तो हवालदार," पाटील म्हणाले. "मन्हा दगडू. जागचा हालला नही."

त्यांच्या बोलण्यात अभिमान होता आणि अविश्वासही होता. ज्या पोरासाठी मी काचांवर काचा वाया घालवल्या, तो एकाच जागी दिवसभर बसला होता.

मी कामाला लागलो. सुरतेहून मुश्किलीनं मिळवलेला मोठा कागद होता, त्यावर फोटो छापला. पदक रंगवायला घेतलं, पण फितीतला जांभळा पट्टा मनासारखा येईना. उठून बाहेर जायचो, येऊन बघायचो. खांद्याकडे ब्रश न्यायचा आणि मागे घ्यायचा. तो हात पुसणं मला मुळीच अवघड नव्हतं. ज्याला मेलेल्यांचे डोळे उघडता येतात त्याला जिवंत बाईचा हात पुसता येणार नाही का? पण त्या हाताखालचा खांदा मी कधी पाहिलाच नव्हता. तो मला माझ्या मनानं रंगवावा लागणार होता, आणि जो फोटो त्या हातामुळेच निघाला होता, त्यातून तोच हात काढायचा होता. मला ते पटत नव्हतं. मनात एक वेडी आशा होती की पाटलीणबाईंच्या कानावर हे जाईल आणि त्या येऊन मला थांबवतील.

त्या आल्या. बाजाराच्या दिवशी, पुतण्याच्या बैलगाडीतून. त्याला त्यांनी बाहेर थांबवलं. हातभर त्याच बांगड्या होत्या. मी मोठा फोटो त्यांच्यापुढे उभा केला आणि वाट पाहिली. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. फक्त खांद्याकडे पाहिलं.

"तो हात काढी टाक भाऊ," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, पाटलांनी पढवून पाठवलं असेल. मी म्हटलं, माय, राहू द्या, मी पाटलांना समजावतो.

"मीच सांगेल व्हतं त्याले, हालू नको म्हनीसन." त्यांचा आवाज चढला नव्हता. "जनमभर मन्हं कधी आयकं नही. आन् आयकं ते हाईच. काढी टाक. मन्हा हात तठे नको."

त्या तशाच पाठ फिरवून गेल्या. मी दारापर्यंतही गेलो नाही. ती बाई जे म्हणत होती ते खुळेपणाचं आहे हे मला कळत होतं. पण मुलगा हालला असता तर जगला असता, आणि त्याला हालू नको असं सांगणारी एकच बाई जगात होती. दोन दिवस मी ब्रशला हात लावला नाही. गिऱ्हाइकांवर खेकसलो. एका लग्नाच्या फोटोत नवऱ्यामुलाला सांगायचंच विसरलो आणि तो हालला.

तिसऱ्या दिवशी हवालदार आला. पाटलांनीच पाठवलं होतं, पदक बरोबर जागी रंगवलं की नाही ते बघायला, कारण असली पदकं गावात कोणी पाहिली नव्हती. काठी टेकत आला, आखूड बांध्याचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. त्यानं पदकाची जागा बघितली, थोडं वर घ्या म्हणाला. मग तसबिरीच्या अगदी जवळ गेला.

"ह्यो हात कुणाचा?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. फोटो कसा निघाला तेही सांगितलं, आणि ती माउली दोन दिवसांपूर्वी काय बोलून गेली तेही. तो काठी सांभाळत खुर्चीत बसला.

"म्हंजे साहेबांनी आईकडनं उचाललं व्हतं," तो म्हणाला. मग त्यानं मला जे सांगितलं ते त्यानं गावात कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. पलटणीत नवी पोरं यायची. झाडीतून पहिली गोळी आली की त्यांना उठून पळावंसं वाटायचं, आणि उठलं की मेलंच. दगडू त्यांच्यामागून सरपटत जायचा, प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायचा आणि हळूच म्हणायचा, हालू नको. सातारकडे हलू नगं म्हणतात. साहेबांच्या या हालूची पोरं आधी टिंगल करायची. पुढे सगळी तुकडीच तसं म्हणायला लागली. नव्या पोराच्या खांद्यावर जुन्यानं हात ठेवायचा आणि म्हणायचं, हालू नको. त्या शब्दानं किती पोरं खाली राहिली आणि घरी गेली, ते मोजायला कोणी बसलं नव्हतं.

"माझ्याबी खांद्यावर पडलाय तो हात," हवालदार म्हणाला.

इथं एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण खोटं लिहिण्यात मजा नाही. ते ऐकताना माझ्या मनात पहिला विचार असा आला की हा शब्द त्यानं माझ्याकडून तर घेतला नाही? लहानपणापासून त्यानं माझ्या तोंडी तोच ऐकला होता. क्षणभर मी फुशारलोसुद्धा. पण मी सगळ्यांना नका म्हणायचो, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. त्याचा नको होता. नको म्हणणारी दुसरीच होती.

मी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही दोघे पाटलांच्या गावाला निघालो. कापसाची एक मोटार त्या बाजूला जात होती तिच्यात बसलो, पुढे बैलगाडी. वाटभर मला धड बसवेना. हवालदारानं नीट सांगितलं नाही तर? त्याची बोली बाईंना कळली नाही तर? आणि कळूनही त्यांना वाटलं की आपली समजूत काढायला आलेत तर? मी त्याला दोनदा सांगायला लावलं, तिसऱ्यांदा तो वैतागला.

पाटलीणबाई ओसरीवर बसल्या होत्या, पुढ्यात निवडायला घेतलेली तूर. पाटीलही होते. हवालदार उभा राहूनच बोलला, पदरचं काही न घालता, अहवाल द्यावा तसं. त्यांना सगळं कळलं. कुठंही मला मध्ये पडावं लागलं नाही. त्याचं बोलून झालं तरी त्या खाली तुरीकडेच पाहत होत्या. मग त्यांनी त्याला विचारलं, कोणत्या खांद्यावर?

हवालदारानं काठी भिंतीला लावली आणि स्वतःच्या डाव्या खांद्याला बोट लावलं. त्या उठल्या. तुरीची फोलपटं झटकली आणि तो गोंदलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. तो फौजी माणूस ताठ उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाटील उठून आत गेले.

"किती पोऱ्या वाचनात?" बाईंनी विचारलं.

हवालदार म्हणाला, मोजलं न्हाई आई, पर मी एक.

त्यांनी हात काढून घेतला आणि माझ्याकडे वळल्या.

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

मी तो हात राहू दिला. पाटलांनी पुन्हा ताऱ्यांचा विषय काढला नाही. जांभळा पट्टाही त्या आठवड्यात मनासारखा आला. अनावरणाच्या दिवशी प्रांतसाहेबांनी पडदा ओढला आणि सगळ्या सभेत कुजबुज झाली. पदक कोणी पाहिलंच नाही. वर्दीतल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर बांगड्या भरलेला, गोंदलेला हात, आणि शेजारी कोणी नाही. प्रांतसाहेबांनी वाकून पाटलांना विचारलं, हा कोणाचा हात? मी त्यांच्या लगेच मागच्या रांगेत होतो. पाटलांनी फेटा नीट केला आणि म्हणाले, आईचा. साहेब सरळ झाले आणि भाषणाला लागले.

पाटलीणबाई समारंभाला आल्या नव्हत्या. त्यांना पुढे बसवतील आणि कोणीतरी फोटो काढेल, अशी भीती त्यांना होती. भीती खरी होती, मी कॅमेरा घेऊनच गेलो होतो.

स्वातंत्र्य आल्यानंतर थोड्याच काळात त्या गेल्या. तापाचं निमित्त झालं. मला फार उशिरा कळलं, नाहीतर मी गेलो असतो, आणि बहुधा कॅमेरा घेऊन गेलो असतो. दिवसकार्य आटोपल्यावर पाटील एकटेच माझ्याकडे आले. आता ते फार थकले होते. भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा म्हणाले. एखादी काच तुझ्याकडे असेलच, चोरून काढलेली, असं त्यांनी अगदी आशेनं विचारलं. मी सांगितलं की नाही. कधीच नाही. एवढ्या वर्षांत त्या माझ्या भिंगापुढे एकदाच आल्या होत्या, आणि तेव्हा त्यांचा फक्त हात आत आला होता.

पाटलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"त्या हातवरथीन बाकीनी बाई काढता येस का तुले?" त्यांनी विचारलं.

घोड्याला शेपूट लावणारा मी, दोन डोक्यांतलं एक काढणारा मी. मला आयुष्यात एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. मी नाही म्हणालो, आणि का नाही ते सांगत बसलो नाही. त्यांना हाताला धरून शाळेत घेऊन गेलो. सुट्टी होती. शिपायानं सभागृह उघडून दिलं आणि खिडकीची एक झडप बाहेर ढकलली. तसबिरीला कोणीतरी कधीतरी घातलेला हार सुकून गेला होता, तो मी काढला.

पाटील तसबिरीपाशी गेले. मुलाकडे पाहिलं, पदकाकडे पाहिलं. मग आपला हात वर करून त्यांनी काचेवर, बरोबर त्या गोंदलेल्या बोटांवर, आपली बोटं टेकवली. खिडकीतून उत्तरेचा उजेड येत होता, अगदी फोटोला हवा तसा, आणि मी सवयीनं मनात आकडे मोजायला लागलो. कितीतरी वेळ मोजत राहिलो. हालू नका म्हणायची गरज नव्हती. पाटील हालत नव्हते.